सात नंबरच्या बसची वर्लीन

डनिगन गावात वर्लीन स्टकीला नुसतं वर्लीन म्हणणारे चार-पाचच, बाकी सगळ्यांची ती मिस वर्लीन. सव्वीस वर्षं ती शाळेची सात नंबरची बस चालवत होती. आज गावात जे बाप्ये म्हणून मिरवतात त्यांतल्या निम्म्यांना तिने कधी ना कधी "खाली बस, नाहीतर चालत घरी जा" म्हणून दरडावलेलं होतं, आणि आता त्यांचीच पोरं तिच्या सीटखाली च्युइंगम चिकटवत होती. बाई त्रेसष्ट वर्षांची, आडव्या बांध्याची. आवाज असा, की मागच्या बाकावरचा टवाळसुद्धा ओळखून राहायचा. या सव्वीस वर्षांत तिची बस एकदाही उशिरा सुटली नव्हती आणि एकाही मुलाला खरचटलं नव्हतं. हे ती स्वतःहून कधी सांगायची नाही, पण दुसरं कुणी सांगू लागलं की मध्ये बोलायचीही नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिला समोरचं दिसत नव्हतं, आणि हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं.

तशी ती आंधळी झाली नव्हती. कडेचं सगळं दिसायचं: शेतं, कुंपणं, आभाळ. पण जिथे नजर रोखावी नेमकं तिथेच राखाडी ठिपका यायचा. माणसाकडे बघावं तर कान दिसत, टोपी दिसे, चेहरा मात्र पुसलेला. मान जराशी डावीकडे कलती केली की ठिपका बाजूला सरे आणि वेळ निभावून जाई. वसंतात स्प्रिंगफील्डच्या डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जातोय, तो परत येणार नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. तिने त्याचे आभार मानले, बाहेर आली आणि स्वतःच गाडी चालवत घरी गेली.

ऑगस्टमध्ये ड्रायव्हरांची दरवर्षीची तपासणी होती, दुसऱ्या दवाखान्यात. तिच्या आदल्या आठवड्यात नवऱ्याला, जीनला, त्याच दवाखान्यात दाखवायचं होतं. जीन आत तपासून घेत होता तेवढ्या वेळात वर्लीन भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला नाक लावून उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत पाठ करून बाहेर आली. पाठांतरात ती शाळेतही पक्की होती. तपासणीच्या दिवशी नर्स म्हणाली, "या वयात असे डोळे! मला द्या की थोडे उसने." वर्लीन हसली, आणि गाडीत बसून दहा मिनिटं रडली.

का केलं, असं कुणीही विचारील. जीनच्या हृदयाची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झालेली, त्याचा औषधपाण्याचा विमा तिच्या नोकरीतून. हे कारण खरंच होतं. पण त्याच्या आड दुसरं होतं, ते ती स्वतःशीही बोलत नव्हती: बस काढून घेतली तर मिस वर्लीन म्हणून उरतं काय? एक जाडी म्हातारी, जिला समोरचं दिसत नाही. रस्ता तिला तोंडपाठ होता. बत्तीस थांबे, कुठे खड्डा, कुठे कुणाचा कुत्रा आडवा येतो, सगळं. मुलं ती आवाजावरून मोजायची. आपण रोज मोठा जुगार खेळतोय, एवढंच तेवढं मोजत नव्हती.

अशात गावात फोटोवाले आले.

त्यांची फोटोग्राफीची कार्यशाळा दर शरदात एक नवं लहान गाव धरते. पंधरा जण शिकायला, पाच जण शिकवायला, आणि मुक्काम पुरा एक आठवडा. शिकणाऱ्याने गावात हिंडून एक माणूस शोधायचा, मास्तरांना पटवायचं की याच्यात गोष्ट आहे, आणि मग शनिवारपर्यंत त्या माणसाच्या सावलीसारखं राहायचं. रविवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात त्यांचा मुख्य मास्तर हॉलिस प्रुइट याने नियम सांगितले, तेव्हा गावातलीही मंडळी कॉफी प्यायला म्हणून जमली होती. हॉलिस सत्तरीचा, पँटला पट्ट्याऐवजी खांद्यावरून घेतलेले लाल पट्टे, बोलणं तुटक.

"आठवड्याला चारशे फोटो. चारशे एकावा नाही. काढलेला पुसायचा नाही, चांगला वाईट सगळा मला बघायचाय. ‘जरा पुन्हा करता का’ असं ज्याने म्हटलं त्याने बॅग भरावी. कुणाला मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. कपाटातून बशी पडत असली तर पडू द्या. तुम्ही बघायला आलाय, घर चालवायला नाही."

"मग आमच्या जावयाला घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याची बारा वर्षं प्रॅक्टिस आहे."

वर्लीनचं नाव शाळेच्या मुख्याध्यापकांनीच सुचवलं. नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नाही म्हटलं की ‘का’ येतो, आणि ‘का’ला तिच्याकडे उत्तर नव्हतं. "येऊ दे," ती म्हणाली. "माझं काय जातंय?"

तिच्या वाट्याला आली इनेस. टेक्सासमधल्या एका छोट्या वर्तमानपत्रातली, सव्वीस वर्षांची, बुटकी आणि लाजाळू. सोमवारी सकाळी पावणेसहाला ती बसच्या आवारात हजर झाली आणि म्हणाली, "मिस वर्लीन, मी इथे नाहीच असं समजा."

‘त्याला कष्ट कसले,’ वर्लीनच्या मनात आलं. तिला त्या पोरीचा चेहरा तसाही दिसत नव्हता. वरकरणी ती म्हणाली, "बस तिथे पहिल्या बाकावर. आणि चालत्या बसमध्ये उभी राहिलीस तर तुलाही उतरवीन."

पोरगी शब्दाला जागली. बोलायची नाही, मध्ये यायची नाही. नुसता कॅमेऱ्याचा खटका वाजायचा आणि प्रत्येक खटक्याला वर्लीनला वाटायचं, सापडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. सोमवारी खटके, मंगळवारी खटके. संध्याकाळी इनेस तिच्या घरी येई. बीन्स आणि मक्याची भाकरी मुकाट्याने जेवे. जीनला ती पहिल्याच दिवशी आवडली. "हिला ठेवून घे," तो बायकोला म्हणाला. "बोलत नाही, खाते चांगली. तुझ्या उलट."

बुधवारी सकाळी पेंडीच्या गिरणीजवळच्या चौकात वर्लीनने बस थांबवली, कान दिला, आणि काही येत नाही असं ठरवून पुढे काढली. एवढ्यात पहिल्या बाकावरून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. वर्लीनने विचार न करता ब्रेक दाबला. बसच्या नाकासमोरून एक रिकामा ट्रक उतारावरून इंजिन शांत ठेवून निघून गेला. मागे दप्तरं पडली, कुणीतरी ओरडलं.

"दिसला होता मला," वर्लीन म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

इनेसने कॅमेरा मांडीवर ठेवला होता. खटकाही वाजला नाही. रात्री तिने जीनला सांगायचं ठरवलं, आणि तो टीव्हीसमोर घोरताना पाहून बरंच झालं म्हणाली.

गुरुवारी दुपारी चर्चच्या बायकांकडून फोटोवाल्यांना जेवण होतं. वर्लीनकडे पीचचा कॉबलर, म्हणजे पीचच्या फोडींवर पिठाचा जाड थर देऊन भाजलेला गोड पदार्थ, करायचं काम होतं. सव्वाएकला ती परात घेऊन तळघरात उतरली. लांब टेबलांवर हॉलिसने प्रत्येकाचे फोटो छोट्या आकारात छापून ओळीने मांडले होते. इनेसच्या टेबलाशी तो स्वतः कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि दोघांचं काहीतरी हलक्या आवाजात चाललं होतं. वर्लीन दिसताच ते थांबलं.

"या, मिस वर्लीन," इनेस गडबडीने म्हणाली. "तुम्ही... तुमचेच आहेत. बघा ना, कुठला आवडतो?"

आता आली पंचाईत. आजूबाजूला दहा जण, सगळे बघण्याचंच खाणारे. त्यांच्यादेखत मान कलती करून फोटो नाकाशी धरायचा कसा? वर्लीनने परात ठेवली, ऐटीत एक फोटो उचलला आणि हातभर लांब धरला. मधोमध राखाडी ठिपका. कडेला पिवळं काहीतरी, काच, बाकाची पाठ. बसमधलं कुणीतरी पोर असणार.

"हा बघा, हा मागच्या बाकावरचा गुंड," ती मोठ्याने म्हणाली. "डोळ्यांतच लबाडी आहे. याच्या बापालाही मीच सरळ केलाय."

चमचे वाजत होते ते थांबले.

"मिस वर्लीन," इनेसचा आवाज कसाबसा आला. "तो तुमचा फोटो आहे. तुमचा चेहरा."

हॉलिसने बाकीच्यांकडे पाहून नुसती मान हलवली, तसे सगळे आपापल्या बशा घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. टेबलाशी तिघंच उरली. वर्लीनने हातातला फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"मी सकाळपासून हिला विचारतोय," हॉलिस म्हणाला. "दोनशे फोटो आहेत. त्यांतल्या एकशे नव्वदांत तुमची मान डावीकडे कलती आहे, बस चालवताना तर आहेच. घरी स्वयंपाक करताना तशीच, नवऱ्याशी बोलताना तशीच. एक फोटो पाहिला असता तर सवय म्हटलं असतं. ओळीने मांडल्यावर तसं म्हणता येत नाही. माझ्या आईची मान शेवटी अशीच राहायची. कधीपासून?"

"माझी मान अवघडलीय."

"कधीपासून दिसत नाही, बाई?"

वर्लीन उसळली. तिला राग आला की ती आवाज चढवत नसे, उतरवत असे, आणि मुलांना तेच जास्त भयंकर वाटे. "तुमचा नियम काय होता, मास्तर? मी इथेच बसले होते रविवारी. मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. बशी पडली तर पडू द्यायची. आता का पुळका आला? माझ्या घरात बसून माझं अन्न खाऊन हिने माझ्यावर पहारा ठेवला होय?"

"मी पहारा नाही ठेवला," इनेस रडवेली झाली. "मला काल ट्रकच्या वेळी शंका आली. मला सांगायचं होतं... पण मला वाटलं, आपण बोलायचं नसतं."

"मग आताही गप्प बस."

"तिचं चुकलं, आणि ते माझ्यामुळे," हॉलिस म्हणाला. "माझा नियम बशांसाठी होता. तुमच्या बसमध्ये किती मुलं?"

"एकेचाळीस."

तिने ते इतक्या पटकन सांगितलं की तिचं तिलाच कसंतरी झालं.

हॉलिसने घड्याळ पाहिलं. "तीन वाजता मुलं चढतात. अडीचला मी तुमच्या लायलला फोन करणार." लायल बॉमगार्ट म्हणजे शाळेच्या बसगाड्यांचा मुकादम. "मग या गावात आमचं तोंड काळं होईल. फोटोवाल्यांनी घरात शिरून बाईची नोकरी घालवली म्हणतील, आणि खरंच असेल ते. पुढच्या वर्षी कुठलं गाव दार उघडेल कोण जाणे. तरी करणार. त्याआधी तुम्ही स्वतः सांगितलंत तर मला फोन करावा लागणार नाही."

"आणि जीनच्या औषधांचं काय, ते कुणाच्या फोनवर विचारू?"

वर्लीनने परात तशीच टाकली आणि जिना चढून वर आली. वर ऊन होतं. मागे पावलं वाजली तेव्हा ती वळली नाही.

"काय गं, आता शेवटचा फोटो हवाय होय? म्हातारी कशी कोसळते त्याचा?"

"कॅमेरा खाली टेबलावर आहे," इनेस म्हणाली.

बसचं आवार दोन गल्ल्या पलीकडे. दोघी चालत गेल्या. पोरीने हात पुढे केला नाही ते एक बरं केलं. दोन वाजायला आले होते. वर्लीनच्या डोक्यात हिशेब एकच चालला होता: लायलला काय सांगायचं. मास्तर म्हातारा झालाय, काहीतरी बरळतो म्हणावं. ऑगस्टचा तपासणीचा कागद आहेच. लायल तिचं ऐकेल, पंधरा वर्षांची ओळख आहे. झाकली मूठ अजूनही झाकता येण्यासारखी होती.

तिने रोजच्यासारखी बसला फेरी घातली. चाकांना लाथ घालून पाहिली, दारं उघडझाप केली, चढून इंजिन सुरू केलं. पुढचा पिवळा दांडा बाहेर उघडून पाहिला. मुलांनी बसच्या अगदी नाकाशी न चिकटता लांबून वळसा घ्यावा म्हणून हा दांडा असतो. मग तिने खिडकीतून हाक मारली.

"इनेस! जा, पुढे उभी राहा. दांड्याच्या टोकाशी. पोरं ओलांडतात तिथे."

इनेस गेली.

वर्लीनने दोन्ही हात चाकावर ठेवले. मान डावीकडे जायला लागली, सवयीने. तिने ती धरून ठेवली, ताठ. आणि काचेतून सरळ समोर, जिथे पोरगी उभी असायला हवी होती तिथे, नजर रोखली.

आवाराचं फाटक दिसत होतं. डावीकडचा डिझेलचा पंप दिसत होता. मध्ये कुणी नव्हतं.

"आहेस का?" ती ओरडली.

"आहे! इथेच आहे!"

"हात हलव."

"हलवतेय, मिस वर्लीन. दोन्ही हलवतेय."

वर्लीन बराच वेळ तशीच बघत राहिली. डोळ्यांवर एवढा जोर दिला की पाणी आलं. सहा महिने तिने सरळ बघणंच टाळलं होतं, रस्त्याकडेही आणि या गोष्टीकडेही. मग तिने इंजिन बंद केलं आणि रेडिओचा माइक तोंडाशी घेतला.

"लायल, सातवर ड्रायव्हर पाठव."

"आता? अगं, सगळे निघाले आपापल्या गाड्यांवर. आजारी आहेस का?"

"नाही. मला दिसत नाही."

रेडिओ खरखरला. "काय दिसत नाही?"

"समोरचं," ती म्हणाली. "वसंतापासून."

बदली ड्रायव्हर शोधण्यात पाऊण तास गेला, तेव्हा लायल स्वतःच आला. ऑफिसातून धावत आला होता, आणि तोंडाने शिव्यांची लाखोली चालली होती. त्यांतल्या किती तिला, किती स्वतःला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण घड्याळ थांबणार नव्हतं. तो चाकावर बसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की सातचा मार्ग त्याला येत नाही. कुणालाच येत नव्हता. सव्वीस वर्षांत वर्लीनने एक दिवस रजा घेतली नव्हती.

"मागे बस आणि सांग," तो म्हणाला. "उद्याचं उद्या बघू. मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाहीये."

अशी सात नंबरची बस त्या दिवशी पहिल्यांदा उशिरा सुटली, वीस मिनिटं. मुलांना मोठी मौज वाटली. मिस वर्लीन आपल्यासारखीच बाकावर! एकाने तिला खाली बस म्हणून दटावलंसुद्धा. ती लायलच्या मागे पहिल्या बाकावर बसली, शेजारी इनेस, आणि वर्लीन डोळे मिटून रस्ता सांगत गेली. डावीकडे. आता हळू, पुढे मोरी खचलीय. या घरापाशी भोंगा वाजव, आजोबांना ऐकू येत नाही, पण वाजवला नाही तर रागावतात. एकही वळण चुकलं नाही. लायलचा राग निवत चालल्याचं तिला त्याच्या गिअर बदलण्यावरून कळत होतं, आणि ‘बघ, मी चालवू शकत होते,’ असा एक नालायक विचार तिच्या मनात डोकावून गेला.

तेविसावा थांबा टिबेट्सांच्या घराचा. घर रस्त्यापलीकडे.

"थांब. लाल दिवे लाव," वर्लीन म्हणाली. "दोन उतरतात, कोलबी आणि मेसी. पुढून ओलांडतात. दोघं पलीकडे गेली की मोज आणि सोड. मी तेच करते."

दार उघडलं. पावलं उतरली. लायलने ब्रेकवरचा पाय काढला नाही. तो पुढच्या गोल आरशात बघत होता.

"तीन आहेत," तो म्हणाला.

"दोन रे. टिबेट्सांची दोनच शाळेत आहेत."

"वर्लीन, तीन आहेत. एक एवढंसं आहे. बसच्या नाकाखाली, दांड्याला लोंबकळतंय."

इनेस उठून उभी राहिली आणि तशीच राहिली. तीन दिवस तिने याच थांब्यावर वर्लीनच्या चेहऱ्याचे फोटो काढले होते. काचेबाहेर तिनेही पाहिलं नव्हतं.

लायलने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली आणि खिडकीतून ओरडला, "ए पोरा! कोण आहे ते?"

"जुनी नाव तिचं," कोलबी टिबेट्स खालून म्हणाला. "आमची धाकटी बहीण. ती शाळेत नाही जात."

"ती इथे काय करतेय?"

"रोजच येते. आम्ही उतरलो की बसला हात लावायला." पोराने खिडकीत वर पाहिलं आणि त्याला मागे बसलेली वर्लीन दिसली. "शाळा सुरू झाल्यापासून येते, मिस वर्लीन. ती रोज तुम्हाला टाटा करते. तुम्ही कधीच करत नाही."

वर्लीनने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. शाळा सुरू होऊन दहा आठवडे झाले होते. दहा आठवडे, रोज दुपारी, तिने दोन मोजली होती आणि बस सोडली होती.

ती उठली. लायलच्या खांद्याला धरून पुढच्या काचेपर्यंत आली. तिने हात वर केला आणि हलवायला सुरुवात केली.

"अजून खाली बघ," लायल हळूच म्हणाला. "आणि जरा डावीकडे. हां. तिथे आहे ती."